बिघाड चालू, तक्रार बंद

घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना नावं ठेवणं हा सध्या मध्यमवर्गाचा फावल्या वेळचा उद्योग झाला आहे. नेट बंद असल्यामुळे फावला वेळही भरपूर मिळतो. तेव्हा या आठवड्यात कंपन्यांची बाजू मांडायची, असं या सदरानं ठरवलं आहे. कुणीतरी मांडायला हवीच. त्यांचं स्वतःचं म्हणणं जाहिरातीत छापून येतं खरं, पण वाचता वाचता नजर तळाच्या बारीक टायपाकडे जाते आणि सगळा विचका होतो.

मुळात आपण ग्राहक मंडळी एका गैरसमजात वावरतो. दरमहा सातआठशे रुपये मोजतो ते इंटरनेटसाठी, असं आपल्याला वाटतं. त्यामुळे नेट गेलं की आपलं डोकं फिरतं. कंपनीचा हिशेब वेगळा आहे. ती आपल्याला तक्रार नोंदवण्याची सोय विकते, आणि ती सोय चोख आहे. फोन लावा, ॲप उघडा, चॅटवर लिहा. तक्रार क्रमांक मिनिटाच्या आत हजर. ज्या तत्परतेनं तक्रार उघडते त्याच तत्परतेनं ती बंदही होते. मधल्या मध्ये नेट सुरू होणं न होणं हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

नेट जातं तेव्हा नेमकं काय होतं? भिंतीवर, बहुधा टीव्हीच्या मागे किंवा देव्हाऱ्याच्या शेजारी, एक पांढरी डबी ठोकलेली असते. तिच्यावर चारपाच बारीक दिवे. लाल एकही नसला की घरात शांतता. त्यांतल्या एकाखाली, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, ‘एलओएस’ लिहिलेलं असतं. बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तो दिवा लाल लुकलुकायला लागला की समजावं, फायबर कुठेतरी तुटली: गच्चीवर, खांबावर, फांद्या छाटताना, उंदराच्या दाताखाली नाहीतर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीखाली. संक्रांतीच्या सुमारास पतंगवाल्या पोरांची गच्चीवरची धावपळही त्यात धरायला हवी. दोष तुमच्या लॅपटॉपचा नाही, पूर्वजन्मीच्या पापाचाही नाही. कंपनीला हे कळायला तुमच्या फोनची गरजसुद्धा नसते. कुठल्या घरातली डबी बोलायची थांबली, ते तिला तिच्या पडद्यावर दिसतं.

तरीही फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, राऊटर एकदा बंद करून दहा सेकंदांनी चालू केलात का?’ खांबावर तुटलेली काच घरातलं बटण खालीवर केल्यानं सांधली जाते, यावर कंपनीची इतकी गाढ श्रद्धा आहे की आपणही भाविकपणे उठतो, बटण बंद करतो, मनात दहा अंक मोजतो आणि पुन्हा लावतो. दिवा लालच. ‘आता पाच मिनिटं वाट बघा सर.’ वाट बघतो.

तक्रारीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून ॲपची शिफारस केली जाते. ॲपला इंटरनेट लागतं. ही अडचण कंपनीच्या ध्यानात आलेली नाही असं नाही. मोबाइलचा डेटा वापरा, असा तिचा सल्ला असतो, आणि सिमही बऱ्याचदा तिच्याच दुकानातलं असतं. ॲपमध्ये एक यांत्रिक ताई बसवलेली आहे. आपण लिहितो, ‘लाल दिवा लागलाय.’ ती म्हणते, ‘समजलं! आपल्याला प्लॅन बदलायचा आहे का?’ आपण लिहितो, ‘नाही. नेट बंद आहे.’ ती म्हणते, ‘छान! आपली वेगाची गरज वाढलेली दिसते.’

म्हणून माणूस शेवटी फोनकडे वळतो. नियामक म्हणजे ट्रायनं २०१२ मध्ये तक्रार निवारणाचे नियम काढले, त्यांत फोनवरच्या जिन्याला तीन पायऱ्या आखून दिल्या. पहिली भाषेची, दुसरी तक्रारीच्या प्रकाराची आणि तिसऱ्या पायरीवर जिवंत माणसाशी बोलायची सोय. नियम करणारा सज्जन असावा. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवर आपण मोठ्या अभिमानानं मराठीचं बटण दाबतो आणि पलीकडून ‘नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ’ ऐकू येतं. भाषेची सोय बटणापुरती असते. त्यातही पलीकडच्या मुलीचा राग करण्यात अर्थ नाही. तिच्यासमोर एक पडदा आहे, पडद्यावर वाक्यं आहेत, आणि त्या वाक्यांच्या बाहेर पाऊल टाकलं की तिचे गुण कापले जातात. ‘तुमच्या एरियात मास आउटेज आहे सर, चार तासांत सुरू होईल,’ असं ती सांगते. चार तासांनी विचारलं तरी चारच तास उरलेले असतात. रेल्वेच्या फलाटावर गाडी दहा मिनिटं उशिरा असल्याचं ऐकत अख्खी हयात काढलेल्या डोंबिवलीकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आउटेज खरंच आहे का, हे कळण्याची खात्रीची जागा एकच, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. ‘नेट आहे का कुणाकडे?’ ‘आमच्याकडे पण नाही.’ ‘बी विंगला आहे.’ ‘बी विंगला कसं काय आहे?’ यानंतर चर्चा पार्किंगवर घसरते. पण तेवढ्यात एवढं कळतं की बिघाड गच्चीवरच्या पेटीत आहे, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी गावी गेले आहेत.

नेट सुरू आहे पण कूर्मगतीनं चालतं, ही तक्रार मात्र सहसा करू नये. ती करणाऱ्याची परीक्षा घेतली जाते. ‘वायफायवरचा स्पीड ग्राह्य नाही सर. लॅपटॉपला लॅनची वायर लावा आणि टेस्ट करा.’ हल्लीच्या निम्म्याअधिक लॅपटॉपना ती वायर लावायला भोकच नसतं. म्हणजे तक्रार सिद्ध करायची तर आधी लॅपटॉप बदला, निदान एक जोडणी विकत आणा. तेही केलं, तर ‘अपटू’ हा शब्द दाखवला जातो. जाहिरातीत ‘१०० एमबीपीएस’ भल्या मोठ्या अक्षरांत आणि ‘अपटू’ मुंगीएवढं. शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाईल नव्हे. तिथे बिट मोजतात, फाईल मोजतात बाइटमध्ये, एका बाइटचे आठ बिट, म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी साडेबारा एमबी. ‘अमर्याद’ योजनेची मर्यादा बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी असते. घरातल्या सगळ्यांनी झोपमोड करून मालिका पाहिल्या तरी ती सहसा गाठली जात नाही, म्हणून तिच्याबद्दल माझं काही भांडण नाही. पण अमर्यादालासुद्धा आकडा असतो हे कळल्यावर वेदान्ताच्या अभ्यासकांना जरा धक्का बसेल.

आणि समजा वेग फारच घसरला, तरी कंपनी खोटं बोलली असं म्हणता येत नाही. सरकारनं २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या केली ती २५६ केबीपीएसची. २०१३ मध्ये ती ५१२ झाली. मग दशकभर तीच राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर आली. म्हणजे शंभराचे पैसे घेऊन तुमच्या पदरात दोन पडले, तरी सरकारी कागदावर ते ब्रॉडबँडच. शिवाय एकाच वाहिनीवर किती घरं बसवायची त्याचंही प्रमाण ट्रायनं एकदा घालून दिलं होतं: घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास. संध्याकाळी आठनंतर या पन्नास घरांना एकाच वेळी क्रिकेट बघायची इच्छा होते, यात कंपनीचा काय दोष?

अखेर एक मुलगा येतो. आमच्या भागात येतो तो विशीतला आहे. अंगात कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट, पण कंपनी त्याला ओळखत नाही. कंपनीनं काम ठेकेदाराला दिलं, ठेकेदारानं जुन्या केबलवाल्याला आणि केबलवाल्यानं याला. बाइक त्याची, पेट्रोल त्याचं, शिडी मात्र सोसायटीची मागून घ्यावी लागते. पाठीवरच्या सॅकमध्ये जेवणाच्या डब्याएवढं स्प्लायसिंग मशीन असतं. ते फुटलं तर वर्षभराची कमाई त्यात जाईल, म्हणून बसताना तो आधी सॅक मांडीवर घेतो.

त्याचं काम एकदा बघण्यासारखं आहे. जिन्याच्या वळणावर तो फतकल मारतो, मोबाइलचा टॉर्च मला धरायला लावतो आणि काळ्या वायरीची साल चिमट्यानं ओढून काढतो. आतून निघते ती काच, मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसायची, एका छोट्या कातरीयंत्रात ठेवून काटकोनात तोडायची, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर मांडायची. मशीनच्या पडद्यावर ती टोकं ओंडक्यांसारखी मोठी दिसतात आणि आपोआप एकमेकांकडे सरकतात. एक ठिणगी उडते आणि काच काचेत वितळते. पडद्यावर आकडा येतो, शून्य पूर्णांक शून्य दोन. ‘मस्त बसलाय काका,’ तो म्हणतो. पंख्याचा वारा लागू न देता, डास मारत, भोवती चपलांचे ढीग असताना हा पोरगा जे करतो ते कुठल्याही प्रयोगशाळेत शोभलं असतं. या सगळ्या व्यवहारात ज्याला आपलं काम येतं असा माणूस हाच. म्हणूनच बहुधा त्याला सर्वांत कमी पैसे मिळतात.

पण हे झालं तो वेळेवर आला आणि त्याला हात लावू दिला तर. एरवी संवाद असा होतो.

‘काका, आधी ओटीपी सांगा.’

‘अरे, अजून डबी उघडली नाहीस तू.’

‘होईल हो नेट. खालच्या पेटीत प्रॉब्लेम आहे, तिथं दुसरी टीम लागते. पण चार वाजता तिकिटाचा टाइम संपतो. त्याच्या आत क्लोज नाही केलं तर माझे पैसे कापतात.’

‘आणि माझं नेट?’

‘संध्याकाळी नवीन कंप्लेंट टाका ना. मलाच येणार ती.’

एवढं स्पष्टीकरण मला आजवर कुठल्याही अधिकाऱ्यानं दिलेलं नाही. ओटीपी दिला की फोन वाजतो: ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ लाल दिवा त्या संदेशाकडे बघत लुकलुकत राहतो. मागोमाग शून्य ते दहा गुण द्यायचं आमंत्रण येतं. ‘दहाच द्या काका, आठ दिले तरी वरून बोलणी बसतात,’ असं पोरानं जाताना बजावलेलं असतं. आपण दहा देतो. कंपनीच्या वार्षिक सभेत ग्राहकांच्या समाधानाचा आलेख झळकतो तो आपल्या या दयाबुद्धीवर. एका परीनं आपण सगळे कंपनीचे बिनपगारी प्रचारक आहोत.

याच दरम्यान दुसरा एक फोन येतो, आणि त्यातलं मराठी अस्खलित असतं. ‘सर, आपल्या बिल्डिंगमध्ये आमचं फायबर आलंय. दोनशेचा प्लॅन घेणार का?’ तुमचंच आहे हो घरात, बंद पडलंय. ‘अच्छा, मग त्यासाठी कस्टमर केअरला फोन करा सर. पण नवीन कनेक्शन हवं असेल तर आजच्या आज माणूस पाठवतो.’ विक्री आणि दुरुस्ती या दोन खात्यांची गाठ पडत नाही. नवा ग्राहक पकडायला माणूस दोन तासांत येतो, जुन्याची तार सांधायला त्याला दिशाशूल असतो.

वैतागून कुणी म्हणेल, सोडून द्या ही कंपनी. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. घरच्या इंटरनेटला तसं काही नाही. डबी परत करा, अनामत मागा, नवी तार ओढून घ्या, तीही बिल्डरनं दुसऱ्या कंपनीला जिन्यात शिरू दिलं असेल तर. त्यात ‘बारा महिन्यांचे भरा, एक महिना फुकट’ या योजनेत आपण वर्षाचे पैसे आधीच देऊन बसलेलो असतो. फुकटचा तेरावा महिना हिंदू माणसाला खरं तर जरा सावध करायला हवा होता.

जुनी माणसं अशा वेळी टेलिफोन खात्याचे दिवस आठवतात. तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट असे आणि दिवाळीची पोस्त वेळेवर दिली तर लाइनमन पावसाळ्यातही फिरकत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं: टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्यांना सेवा आवडत नसेल त्यांनी फोन परत करावा. त्या उद्धटपणात एक सचोटी होती. आजची कंपनी असं कधीच म्हणणार नाही. उलट कनेक्शन बंद करा म्हटलं की एक खास खातं जागं होतं, ‘तुम्ही आमचे मौल्यवान ग्राहक’ म्हणतं आणि एक महिना वेग वाढवून देतं. बंद लाइनवरचा वाढीव वेग.

राहता राहिला कायदा. ट्रायची स्थापना १९९७ ची. तिच्याकडे एकट्या ग्राहकानं तक्रार नेली तर ती ऐकून घेत नाही, कंपनीकडे पाठवते. २००० मध्ये टीडीसॅट नावाचं न्यायाधिकरण आलं. त्याच्या दारात ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटादुकटा नाही. मग ग्राहक मंच? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोनच्या एका वादात तार कायद्याकडे बोट दाखवलं, आणि त्या निकालाचा कागद फडकवत कंपन्या ग्राहकाला मंचाच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवायची मागणी करू लागल्या. जवळपास साडेबारा वर्षं हा त्रिशंकू लोंबकळत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच निर्वाळा दिला की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

कंपनीच्या आतही एक न्यायालय आहे. तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांत ‘अपील अधिकाऱ्या’कडे जायचं. त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा. चाळीस का नाही, ते पंचांगकर्त्यांना विचारावं. हा अधिकारी कंपनीनंच नेमलेला असतो. त्याला सल्ला द्यायला दोघांची समिती असते, एक ग्राहक संघटनेचा आणि एक, अर्थातच, कंपनीचा. सासूची तक्रार सासूच्या बहिणीकडे करायची आणि मध्यस्थ म्हणून सासूलाच बसवायचं, असा हा घरगुती बंदोबस्त. तरी त्याचा उपयोग होतो, कारण अपिलाचा कागद गेला की तो बंद करायला ओटीपी चालत नाही.

२ ऑगस्ट २०२४ ला ट्रायनं सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. दर्जा घसरला तर कंपनीला एक लाखापासून दहा लाखांपर्यंत दंड. तो तुमच्या खात्यात येत नाही, तेव्हा आनंद आवरा. तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: घरची लाइन तीन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर भाड्यात सूट द्यावी लागते. आता त्या पोराच्या चार वाजताच्या घाईचा अर्थ लावा. तक्रार तिसऱ्या दिवसाच्या आत ‘सुटली’ आणि संध्याकाळी ‘नवीन’ नोंदली, की तुमचे तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नेट आठवडाभर बंद असलं तरी कंपनीच्या वहीत ते कधीच तीन दिवस बंद नसतं.

इथे कंपनीची बाजू मांडण्याचं या सदराचं काम संपलं. यापुढे तिच्यासाठी शब्द सापडेनात. तेव्हा वाचकहो, तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, लाल दिव्याचा फोटो काढा. पोराच्या पोटावर पाय येतो म्हणून सांगायला जड जातं, पण लाल दिवा विझल्याशिवाय ओटीपी देऊ नका. त्याला चहा द्या आणि काम झाल्यावर दहा गुणही द्या. तीन दिवस उलटले की भाड्याची सूट लेखी मागा, आपणहून ती सहसा कुणी देत नाही. अपिलाला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला ग्राहक आयोगातही शुल्क लागत नाही. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका.